अर्ध्या सुराने वर

मी एक जुना, तडा गेलेला घटम आहे, म्हणजे हाताने वाजवायचे मातीचे मडके. मित्रांनो, माझा आवाज तुम्ही नक्की ऐकला असेल. पण तो माझा आहे हे आता कुणाला पटवून देण्याची सोय उरलेली नाही. तरी सांगितल्यावाचून राहवत नाही.

मानामदुरै गावच्या मूक्कायी नावाच्या कुंभारणीने मला घडवले. आतून दगड धरून बाहेरून थापीने तिने मला असे बडवले की विचारू नका. स्वयंपाकाच्या मडक्यांच्या वाट्याला एवढा मार येत नाही. तिथून मद्रासचे वादक मासिलामणी मला मांडीवर घेऊन बसने घरी आले. वाजवताना ते सदरा काढत आणि माझे तोंड आपल्या उघड्या पोटाला लावत. त्यांचा श्वास माझ्या आत फिरे. ते माझे सुखाचे दिवस होते.

एकदा आम्हाला मद्रासच्याच वडपळनी भागात अरुळनेसन नावाच्या नव्या संगीतकाराने बोलावले. घरामागच्या खोलीत त्याने यंत्रेच यंत्रे मांडली होती. त्याने एकेक थाप सुटी वाजवायला सांगितली.

"गाणं कुठाय, सार?" मासिलामणींनी विचारले.

"गाणं मागाहून. आधी तुमच्या सगळ्या थापा यंत्रात भरून घेतो. चालेल ना? नंतर मी त्या कुठंही वापरीन."

"हव्या तेवढ्या घ्या की. आवाज काय विहिरीचं पाणी आहे आटायला?"

त्याने विचारून घेतले, यांनी हसून दिले. त्याच्यावर मी कसला आळ घेऊ? पण त्यानंतर आम्हाला कुणी बोलावले नाही. थापा यंत्रात होत्या, मग माणूस कशाला? पुढे त्या थापांवर बांधलेले चित्रपटातले एक गाणे समुद्रापार गेले आणि अरुळनेसनचे नाव जगभर झाले. "त्यात माझा हात आहे," असे मासिलामणी सांगत. लोक माना डोलवत आणि विषय बदलत. त्यांची बायको वडिवांबाळ म्हणे, "मग हातालाच पाठवा परदेशात. तुम्ही बसा इथं रसम ओरपत."

गेल्या महिन्यात त्या गाण्याला परदेशात मोठे पारितोषिक मिळाले आणि मासिलामणींचे सांगणे कानावर पडून तेन्मोळी नावाची पत्रकार मुलगी दारात आली. जगाने अरुळनेसनला का डोक्यावर घेतले, यावर ती लिहीत होती. संगीत शाळेचे प्राचार्य म्हणाले होते, त्याचे पाश्चात्त्य शिक्षण. चित्रपट विकणारे म्हणाले होते, आमची धावपळ. पण एका परदेशी जाणकाराने लिहिले होते की त्या गाण्यातल्या मातीच्या थापेने आपल्याला जागेवर खिळवले.

"ती थाप तुमची असेल तर मी तुमचं नाव छापते, अय्या," ती म्हणाली. "फक्त एकदा गाण्याबरोबर वाजवून दाखवा."

तिने गाणे लावले. मासिलामणींनी मला पोटाशी घेतले, थाप मारली, आणि त्यांचा चेहरा उतरला. गाण्यातला सूर वर होता, माझा खाली. जेमतेम अर्ध्या सुराचा फरक, पण तो लपणारा नव्हता.

मित्रांनो, मला कारण ठाऊक होते. थापा यंत्रात भरल्या त्या दिवशी मासिलामणी जेवायला बाहेर गेले होते आणि मी चटईवर होतो. तेव्हा अरुळनेसन मदतनिसाला म्हणाला होता, "गायिकेची पट्टी उंच आहे. या थापा यंत्रातच अर्धा सूर वर चढव." मासिलामणींना यंत्रातले काही कळत नाही. मी ओरडून सांगितले असते, पण मला कुणी मारल्याशिवाय आवाज फुटत नाही.

"ओल धरलीय यानं," मासिलामणी म्हणाले. "गुरुवारी या. वाळला की चढेल."

त्यांनी मला उन्हात ठेवले. सूर हलला नाही. मग ते मला शेगडीवर धरून बसले.

"अहो, फुटेल तो!" वडिवांबाळ म्हणाली.

"थोडंच राहिलंय गं. एवढंसंच. माझं नाव येणार आहे."

कुशीत चर्र झाले आणि मला तडा गेला.

गुरुवारी तेन्मोळी आली. मासिलामणींनी तिला माझ्याकडे बघूही दिले नाही. "माझं नाव काढून टाक, अम्मा. हाडापर्यंत वाळवला याला, तरी तो सूर याच्यात नव्हता. ती थाप दुसऱ्या कुणाची तरी आहे. मी खोटं नाही बोललो गं, चुकलो."

तिने वहीतल्या त्यांच्या नावावर रेघ मारली. लेख छापून आला. त्यात शिक्षण होते, धावपळ होती आणि यंत्रातून निर्माण केलेला अपूर्व नाद होता.

आता माझ्यात कपड्यांचे चिमटे ठेवतात. मित्रांनो, एक विनवणी करतो. एखादा म्हातारा म्हणाला की हे माझ्या हातचे आहे, तर त्याची परीक्षा घेण्याआधी त्याच्याजवळ थोडे बसा. तो स्वतःवरचा विश्वास घालवून बसला, तर तो विश्वास कोणत्याही कुंभाराला पुन्हा घडवता येत नाही.

काल शेजारच्या घरात ते गाणे लागले. मासिलामणी हातातला पेला खाली ठेवून शेवटपर्यंत ऐकत राहिले.

"काय हात आहे बघ," ते बायकोला म्हणाले. "कुणाचा असेल गं?"