अर्ध्या कोनमापकाची पाणबुडी

मित्रांनो, मी एक अर्धा कोनमापक आहे. तुम्ही म्हणाल, कोनमापक अर्धाच असतो, त्यात सांगण्यासारखं काय? खरं आहे. पण मी त्या अर्ध्याचाही अर्धा आहे. माझा दुसरा अर्धा परदेशात असतो.

माझा जन्म प्लॅस्टिकच्या साच्यात झाला. पनवेलच्या बाजारातून मी कंपासपेटीत बसून यायरच्या घरी आलो. शाळेत बाईंनी एकदा मला वर धरून सगळ्या वर्गाला दाखवलं होतं. दहावीनंतर मात्र वाईट दिवस आले. यायरची आई, सॅलीआंटी, मला करंज्यांशेजारी ठेवून त्यांचा आकार तपासू लागली. करंज्या छान व्हायच्या. माझं कुणी नाव काढायचं नाही.

पुढे यायर नोकरीला लागला, त्याने संगणक घेतला आणि त्यात पाणबुडीचा खेळ आणला. त्याचा शाळेपासूनचा मित्र केतन रोज संध्याकाळी बेलपाड्याहून यायचा. टॉर्पेडोचं गणित खेळानेच करावं असं एक बटण होतं. यायरने ते बंद केलं. सगळं मशीनच करणार असेल तर आपण घरी बसावं, असं तो म्हणाला. दोघेही घरीच बसलेले होते.

गणित असं असतं. टॉर्पेडो निवांत जातो. जहाज आता जिथे आहे तिथे नेम धरून उपयोग नाही, टॉर्पेडो पोचेपर्यंत ते जिथे जाईल तिथे धरायचा. त्यासाठी जहाजाचा वेग लागतो, अंतर लागतं, आणि जहाजाचं नाक आपल्या नजरेच्या रेषेपासून किती वळलंय तो कोन लागतो. वेग आणि अंतर केतन काढायचा. कोनासाठी मला चिकटपट्टीने पडद्यावरच्या नकाशावर चिकटवायचे. शेवटी, जहाजाची डावी बाजू आपल्याकडे आहे की उजवी, तेही खेळाला सांगावं लागे. ते खातं यायरकडे.

माझा कोन कधी चुकला नाही. तरी टॉर्पेडो नेहमी जहाजाच्या मागून जायचा. जहाज निघून गेल्यावर जे पाणी उरतं, ते त्यांनी भरपूर बुडवलं. एकदा टॉर्पेडो थेट किनाऱ्याला जाऊन लागला. "जमीन तरी बुडाली का बग," असं केतन म्हणाला.

अशी काही वर्षं गेली. मग यायरचं इस्राएलला मनासेमामाकडे कायमचं जायचं ठरलं. तिकडे नोकरीही मिळाली. तेव्हा त्याने जाहीर केलं की हाताने गणित करून एक तरी जहाज बुडवल्याशिवाय तो देश सोडणार नाही. केतनने ते फार मनावर घेतलं. जहाज बुडावं असंही त्याला वाटत होतं आणि बुडू नये असंही वाटत होतं. कोनमापकाला अशा गोष्टी मोजता येत नाहीत.

निघायच्या आदल्या संध्याकाळी पाणबुडीत एकच टॉर्पेडो उरला होता. घरभर बॅगा होत्या. सॅलीआंटीने केतनला शेजारून वजनकाटा आणायला पाठवलं. यायरच्या घराच्या चौकटीवर, ज्यू घरांत असते तशी, मेझुझा आहे, म्हणजे प्रार्थनेचा कागद ठेवलेली छोटी नळी. येताजाता तिला हात लावायचा. यायरचं बघून केतनही लहानपणापासून लावतो. पण आज त्याचं ध्यान नव्हतं. बाहेर जाताना त्याने हात उजवीकडे नेला. तिथे नुसतं लाकूड होतं.

"येताना उजवीकडे, जाताना डावीकडे," आंटी म्हणाली. "ती जागची हलत नाही रे. माणूस कुठे तोंड करून चाललाय, त्यावर डावं-उजवं."

केतन बाहेर गेला. मग आत आला. मग पुन्हा बाहेर गेला. आंटी म्हणाली, डास येतायत. काटा न आणताच तो आत आला आणि यायरच्या समोरून त्याच्या उजवीकडून डावीकडे चालत गेला.

"माझा कुठला हात तुझ्याकडं हाय?"

"डावा."

"जहाज असं गेलं, तर तू काय सांगतोस?"

"उजवी बाजू. समोरच्याचं उलट असतं ना."

"मी तुझ्यासमोर उभा नाय, यायर. मी चाललोय."

यायर पडद्याकडे वळला. इतकी वर्षं त्याने प्रत्येक जहाज आपल्याकडे तोंड करून उभं आहे असंच धरलं होतं. जहाजं आपापल्या वाटेने चालली होती.

मग एक मालवाहू जहाज आलं. केतनने वेग काढला, अंतर काढलं. मी कोन दिला. यायरने 'डावी' म्हणून सांगितलं आणि टॉर्पेडो सोडला. आंटीसुद्धा पापडाचा डबा हातात धरून उभी राहिली.

टॉर्पेडो जहाजाच्या बरोबर मध्यावर लागला. 'टक्' असा आवाज झाला. बाकी काही झालं नाही. त्या खेळातले टॉर्पेडो कधीकधी फुटतच नाहीत. जहाज निघून गेलं.

"लागला," यायर म्हणाला.

"लागला. गणित बरोबर हाय." केतन म्हणाला. "पण बुडालं नाय. मग नाय जात तू?"

यायरने मला पडद्यावरून सोडवलं आणि जवळच्या बॅगेवर ठेवलं. तेवढ्यात आंटी म्हणाली, चेन लागत नाहीये, कुणीतरी बॅगेवर बसा. यायर जाऊन बसला.

मी मोडलो. बरोबर नव्वदावर.

"पापड का?" आंटीने विचारलं. कोनमापक आहे म्हटल्यावर तिचा जीव भांड्यात पडला.

यायरने डावा अर्धा खिशात टाकला. उजवा केतनला दिला. दुसऱ्या दिवशी निघताना त्याने डावीकडे हात नेला. मेझुझा तिथे होती.

संगणक आता केतनकडे आहे, आणि मी त्याच्या पडद्याला चिकटलेला असतो. यायर तिकडून फोनच्या पडद्यावर तोच नकाशा बघत असतो. जहाजाची डावी बाजू दिसली तर कोन यायर मोजतो, उजवी दिसली तर केतन. बरीच जहाजं बुडाली. पण तसलं मालवाहू जहाज दिसलं की दोघेही त्याला जाऊ देतात.

मित्रांनो, वापरून झाल्यावर आम्हाला पेटीत ठेवा, बॅगेवर ठेवू नका. आणि कुणाचं डावं-उजवं ठरवण्याआधी तो उभा आहे की चाललाय, तेवढं बघून घ्या. केतन अजूनही आंटीकडे जातो. हल्ली तो दारात येताना मेझुझाला जरा जास्त वेळ हात लावून उभा राहतो, उजवीकडे. यायर येईल तेव्हा त्यालाही ती उजवीकडेच सापडेल.