पुजलेला हूक

सत्तावन साली मी मानवतजवळ सडकेच्या कामावर कारकून होतो. ओव्हरसियर अनंतराव उर्दूत शिकलेले, म्हणून कामावरच्या पिकअप गाडीबरोबर आलेलं इंग्रजी पुस्तक माझ्याकडे आलं. गाडी काळ्या मातीत दोनदा रुतून दिवस वाया गेले होते. तिसऱ्यांदा तसं झालं तर ड्रायव्हर सुग्रीवला घरी बसवू, असं मोठ्या साहेबांनी बजावलं होतं. म्हणून गाडी ओढून काढायला हूक बसवायचं ठरलं. पुस्तकात स्पष्ट होतं: हूक चासीला, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्याला, जाड बोल्टांनी, बंपरला कधीच नाही. मी हूक निवडला, लोहार मुंजाजीला चासीवर खडूने जागा आखून दिली.

जाड बोल्ट परभणीहून येण्याआधी खंडेनवमी आली. पूजेत दिसावा म्हणून अनंतरावांनी हूक हाताशी होते त्या दोन बोल्टांनी बंपरलाच अडकवला. हळदकुंकू, झेंडूचा हार, नारळ, सगळं झालं. संध्याकाळी बोल्ट आले आणि निरोपही आला, की उद्या मोठे साहेब पाहणीला येणार. मुंबईहून आलेले साहेब सुट्टी मानत नसत. पाऊस तीन दिवस पडत होता.

"आत्ताच हूक खाली चासीला घेऊ," सुग्रीव म्हणाला.

"उद्या सोनं लुटल्याबिगर पुजलेलं हत्यार हलवतेत का रे?" अनंतराव म्हणाले.

"गाडी बी पुजलीच की. ती कशी हलवायची मग?"

"लय शहाणा हायेस. साहेब गाडीत बसणार हायेत, हुकात न्हाई."

"भाऊसाहेब, तुमी तरी सांगा. पुस्तक तुमी वाचलंय."

मी चष्मा पुसत राहिलो.

दुसऱ्या दिवशी नाल्यापाशी गाडी साहेबांसकट रुतली. शेतातून दोन बैलजोड्या आणल्या, हुकात दोर घातला. बैल चालू लागले आणि चालतच राहिले, कारण त्यांच्या मागून फक्त बंपर येत होता, हारासकट.

"हूक मात्र जागचा हलला न्हाई," मुंजाजी हळूच म्हणाला.

साहेब बूट हातात घेऊन चिखलातून बाहेर आले. नजर सुग्रीववर, आवाज चढलेला. "हूक तिथे बसवायचं कुणी ठरवलं?"

"हुकाचं सगळं ह्यांच्याकडं, साहेब," अनंतराव घाईने माझ्याकडे बोट करून म्हणाले. "पुस्तक ह्यांनीच वाचलंय."

"होय, साहेब," मी म्हणालो.

माझी बदली जिंतूरच्या गोदामात झाली. सुग्रीवची नोकरी राहिली. मला जिंतूरच्या मोटारीत बसवायला तो आला आणि भर रस्त्यात पाया पडला. "माझ्यापायी अंगावर घेतलंत, भाऊसाहेब."

खरं तर साहेबांनी एवढ्या मोठ्याने विचारल्यावर मला 'नाही' म्हणणं जमलं नव्हतं. तेवढं सांगावं म्हणून मी तोंड उघडलं, तोवर तो माझी वळकटी घेऊन टपावर चढला होता.