तोफेबरोबरची उडी

स्फाक्स शहरातल्या आम्नाला जर्मनीतली पोस्टडॉक संशोधकाची जागा मिळाली ती एका उडीमुळे. काचेवर चढवलेला तिचा पातळ थर थंड करत नेला की ठरावीक तापमानाला त्याचा विद्युतरोध धाडकन खाली येई. "असं काही आम्ही पाहिलंच नव्हतं," गेल्याच आठवड्यात मुलाखतीत तिकडचे प्राध्यापक म्हणाले होते. जाहिराती वाचून वाचून डोळे फुटायची वेळ आलेल्या पोरीला आणखी काय हवं! आता फक्त करारावर सही बाकी होती.

रमजानभर तिचा क्रम ठरलेला. दुपारच्या नमाजानंतर मोजणी सुरू करायची, पुढचं संगणकावर सोपवायचं आणि संध्याकाळी रोजा सुटल्याची तोफ उडाली की सगळ्यांबरोबर खालच्या खोलीत खजूर तोंडात टाकायचा. उडी मात्र रोज किंचित कमी तापमानाला सरकत होती. थर जुना होत असेल, असं तिनं ठोकून दिलं होतं.

आज तिला पाळी आली होती, त्यामुळे रोजा नव्हता. ती यंत्रापाशीच बसून राहिली. बाहेर तोफ धडाडली. खाली तिचा प्रयोगशाळेतला सहकारी निझार यानं रोजा सोडायला उठताना नेहमीसारखी तिथली मोठी विजेची भट्टी बंद केली, तिचा खटका वरपर्यंत ऐकू आला. आणि पडद्यावरची रेषा कोसळली.

 आम्ना जिन्याच्या तोंडाशी धावली; तिथून पडदा दिसत होता. "निझार, भट्टी परत लाव!"

"अगं बाई, घास तरी गिळू दे!"

"लाव म्हणते ना!"

खटका वाजला, रेषा वर गेली. "आता बंद कर!" रेषा खाली आली.

 उडी थराची नव्हतीच. दिवस मोठा होत होता, तोफ रोज थोडी उशिरा उडत होती, तोवर थर आणखी थंड होत होता. सबंध रमजान ती भट्टीमुळे तारांत शिरणारा विजेचा गोंगाट मोजत बसली होती.

निझार वर आला, पडदा पाहून पांढराफटक पडला. मग हळूच म्हणाला, "सही करून टाक. तिकडं उडी नाही आली तर म्हण, थर प्रवासात खराब झाला. कुणाला कळतंय?"

"मला कळलंय ना, गाढवा!"

तिनं प्राध्यापकांना सगळं लिहून टाकलं. घरी पोचायच्या आत उत्तर आलं: कळवलंत, आभारी आहोत; जागेची जाहिरात पुन्हा काढतो.

घरात शेजारणी जमल्या होत्या. आई मकरूद या खजुराच्या मिठाईचं ताट फिरवत होती.

"आली बाई माझी जर्मनीवाली! सांग गं यांना, कसला शोध लावलास?"

आम्नानं चपला काढल्या.

"रोजा कधी सुटतो, त्याचा."

बायका खो खो हसल्या. आईनं मात्र लेकीच्या तोंडाकडे पाहिलं आणि ताट खाली ठेवलं.