मुलीकडचं ताट

चामराजपेटातल्या त्या गल्लीत पहाटे आधी भाकरी थापल्याचा आवाज येतो आणि मग दुधवाला येतो. हा आवाज महानंदाच्या घरातला. बेळगाव-विजापूरकडची माणसं बंगळुरात कितीही वर्षं राहिली तरी त्यांना ज्वारीची भाकरी लागतेच, म्हणून कोपऱ्यावरच्या खानावळीला महानंदा रोज भाकऱ्या पुरवते. हात थापत राहतात आणि डोळे मिटत असतात. ह्या बाईला कुणी विचारलं, तुला काय हवं, तर ती म्हणेल, झोप.

त्या सकाळी तिची आई यल्लव्वा चुलीजवळ पाट ओढून बसली आणि म्हणाली, "ह्या रविवारी पान-सुपारी उरकून टाकू गं. धनू न् महांतेशचं."

महानंदाचा हात क्षणभर थांबला, पण तव्यावरची भाकरी करपते म्हणून पुन्हा चालू लागला.

महांतेश म्हणजे महानंदाचा धाकटा भाऊ, आणि धनू म्हणजे धनलक्ष्मी, महानंदाची एकुलती एक मुलगी. बहिणीच्या मुलीवर मामाचा पहिला हक्क, हा त्यांच्या गावाकडचा जुना रिवाज. मामानं नको म्हटलं तरच पोरगी बाहेर द्यायची. पोरीनं नको म्हटलं तर काय करायचं, हे मात्र त्या रिवाजात कुणी सांगून ठेवलेलं नाही. महानंदा स्वतः अशीच दिली गेली होती. तिचा नवरा देवाप्पा म्हणजे यल्लव्वाचा पाठचा भाऊ, महानंदाचा सख्खा मामा. पितो, कुठं टिकत नाही, पण बायको आली की लागेल मार्गाला, असं तेव्हा सगळे म्हणाले होते. हल्ली देवाप्पा पीत नाही. पीन्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात गुमान रखवाली करतो आणि लोक म्हणतात, बघा, सुधारला की नाही! महानंदाला ठाऊक आहे की तो सुधारला नाही, तो दमला. आणि त्याला दमवता दमवता तिचं सगळं तारुण्य खर्ची पडलं.

"धनूचं शिक्षण व्हायचंय, अव्वा," ती म्हणाली.

"शिकंना की. कोण नको म्हणतंय? घरातल्या घरात तर जायचंय. त्याला बाहेरची बघायची म्हटली की चौकशा आल्या. फौजेतनं का आलास, पेन्शन का न्हाई... झाकली मूठ बरी, बाळा."

महांतेश परदेशी गेला होता तो शांतिसेनेच्या तुकडीतून. गेला तेव्हा गल्लीनं हार घातले होते. परत आला तो तुरुंग भोगून, फौजेतून नाव कमी होऊन. साहेबाशी वाजलं, एवढंच त्यानं घरी सांगितलं. घरानंही जास्त खोदलं नाही. आपलेच दात, आपलेच ओठ.

दुपारी तो जेवायला बसला. धनू कॉलेजात होती, यल्लव्वा बाजारात. महानंदानं भाकरी वाढली आणि त्याच्यासमोरच बसली. ह्या भावाला तिनं कडेवर घेऊन वाढवलं होतं.

"महांतेश, पोरगी देणार आहे मी. खरं काय ते सांग. का काढलं तुला?"

त्यानं बराच वेळ भाकरीचा तुकडा कालवला.

"ड्यूटीत मी एकदा बी चुकलो न्हाई, अक्का. देवाशप्पत. पहारा असो, गस्त असो. खरं संध्याकाळी काय करायचं तिथं? कॅम्पच्या तारेच्या बाहेर जायचं न्हाई, गावातल्या बायकांशी बोलायचं न्हाई, रेशनचा डबा कुणाला द्यायचा न्हाई. हे नियम सारखे वाचून दाखवायचे. मी जायचो. आणखी पण जायचे, मी सापडलो."

"कशाला जायचास?"

 तो पडल्या आवाजात बोलला. "एक पोरगी होती. मी डबे न्यायचो. मटणाचे, दुधाचे. तिच्या घरात खायला नव्हतं काही. मी काय जबरदस्ती केली न्हाई, अक्का."

"खायला नव्हतं, आणि तू डबे घेऊन गेलास," महानंदा म्हणाली. "केवढी होती?"

"विचारलं न्हाई मी. असंल आपल्या धनूएवढी. थोडी लहान." तो घाईनं पुढं बोलला, "तिची आई रोज येऊन कॅम्पच्या गेटपाशी उभी राहायची. भाषा कुणाला कळंना. शेवटी साहेबानं दुभाष्या बोलावला, मग चौकशी लागली. ड्यूटीवर चूक केली असती तर एक वेळ समजलो असतो मी. संध्याकाळचं कोण बघतं गं?"

"बायकोला संध्याकाळच्याच माणसाजवळ राहावं लागतं, महांतेश," ती म्हणाली आणि उठून भांडी घासायला बसली. तिला रडू आलं नाही. तिला भयंकर शिणल्यासारखं झालं, आणि त्या दूरदेशीच्या, भाषा न कळणाऱ्या बाईचा विचार काही केल्या मनातून जाईना. उन्हात उभी राहिली असेल. पहिल्या दिवशी हाकलली असेल. तरी दुसऱ्या दिवशी आली.

रविवारी दुपारी चार नातलग जमले. यल्लाप्पा काका आनेकलहून बसनं आले, कारण घरातले थोरले म्हणून लग्नाचा शब्द त्यांनी द्यायचा होता. धनू जरीचा परकर नेसून कोपऱ्यात बसली होती. तिला कुणी काही विचारलं नव्हतं, आणि आईनंही विचारलं नव्हतं, हे महानंदाला तेव्हाच लख्ख कळलं आणि तिची तिलाच लाज वाटली.

ह्या लग्नात एक गंमत असते. मुलाकडचं आणि मुलीकडचं, अशी पान-सुपारीची दोन ताटं बदलली की लग्न ठरलं. पण इथं दोन्हीकडचं घर एकच, तेव्हा दोन्ही ताटं एकाच स्वयंपाकघरात, एकाच बाईनं भरायची. महानंदानं ती आणून सतरंजीवर ठेवली. एकात पानं, सुपारी, नारळ, केळी, हळद-कुंकू. दुसरं ताट नुसतं घासून लखलखीत.

"हे रिकामं कसं?" काकांनी विचारलं.

"ते मुलीकडचं आहे, काका. मी भरणार न्हाई."

देवाप्पा चुळबुळला. यल्लव्वा उठलीच. "माणसांपुढं काय चालवलंयस? घरातलं घरात ऱ्हायलं असतं की!"

"माझं राहिलं की घरातच, अव्वा. तुझ्या भावाला सुधारायला मला दिलीस. आता तुझ्या लेकाला सुधारायला माझी लेक पायजे?" आवाज चढवायचंही तिच्यात बळ नव्हतं, भाजीचा भाव सांगावा तशी ती बोलत होती. मग तिनं महांतेशनं केलेलं सगळं, डबे आणि गेटपाशी उभी राहिलेली ती आई, सगळ्यांसमोर सांगितलं. काकांनी मान खाली घातली. कुणीतरी म्हणालं, "स्वल्प हळू, शेजारी ऐकतील." ती म्हणाली, "ऐकू देत."

"अक्का," महांतेश म्हणाला, "शिक्षा भोगून झाली की माझी."

"तुझी झाली रे. हिला कसली देतोस?" ती म्हणाली. "फौजेनं एका परक्या बाईचं ऐकून घेतलं. इथं मी तुमची सख्खी आहे, मराठीत बोलतेय. माझं ऐका."

 मग देवाप्पा उठला. आयुष्यात पहिल्यांदाच असेल, पण त्यानं बायकोच्या बाजूनं काहीतरी केलं. मुलाकडचं भरलेलं ताट उचलून देवापुढं नेऊन ठेवलं. बोलणं मोडलं हे ओळखून काकांनी चपला घातल्या. यल्लव्वा भिंतीकडं तोंड करून बसली. तिच्या लेकाचं आता कसं व्हायचं, हा तिचा प्रश्न खोटा नव्हता, पण त्याचं उत्तर एकोणीस वर्षांच्या पोरीनं द्यायचं नव्हतं.

महानंदानं पदर खोचला. खानावळीच्या रात्रीच्या भाकऱ्या व्हायच्या होत्या. धनू उठून मामासमोर येऊन उभी राहिली. लहानपणी ह्याच मामाच्या खांद्यावर बसून तिनं जत्रेतला रथ पाहिला होता.

"मामा," तिनं विचारलं, "त्या पोरीचं नाव काय होतं?"

 महांतेशला ते ठाऊक नव्हतं.