काळ्या कोटाची काजं

“तसं नाही, आजी. मी नाही सांगायचं, तुम्हीच ठरवायचं. ही बघा तीन चित्रं. लाल म्हणजे वाईट, पिवळं म्हणजे मधलं, हिरवं म्हणजे चांगलं. तुमचं छत यातलं कुठलं?”

“म्हणजे रोग्याने स्वतःच नाडी बघायची आणि पगार वैद्याने घ्यायचा,” म्हातारी म्हणाली. “हिरवं.”

सर्वेवालीने वर पत्र्याकडे पाहिलं. दोन ठिकाणी डांबर फासलेलं होतं.

“नक्की?”

“डोक्यावर आहे ना? पायाखाली असतं तर सांगितलं असतं.”

सर्वेवालीने मोबाइलवर बोटाने हिरवं दाबलं. लोकांची गरिबी मोजत फिरणाऱ्या या बाईच्या सँडलचा अंगठा उसवलेला होता. म्हातारीने ते दारातच पाहून ठेवलं होतं. लांबचं तिला घारीसारखं दिसे. शेजारणीने काल याच बाईसमोर अकरा लाल ठिपके घेतले होते आणि वर डोळ्यांना पदर लावला होता. फुकट मिळतंय म्हटल्यावर तिने नवरासुद्धा लाल करून टाकला असता. म्हातारीला असल्या माणसांची शिसारी येई. हात पसरायला हाताला काम नसावं लागतं, असं तिचं म्हणणं.

“दात? घरात सगळ्यांचे दात नीट आहेत?”

“माणसं तीन. दात पुरून उरतात. हिरवं.”

चुलीपाशी बसलेल्या सुनेने हसू दाबलं. म्हातारीचा मुलगा ट्रकवर असे, आठवड्यातून एकदा घरी यायचा. एरवी या दोघीच.

“डोळे? जवळचं बघायला कुणाला त्रास?”

म्हातारीच्या मांडीवरचा हात थांबला, मग पुन्हा साडीची निरी सारखी करू लागला.

“बाई, मला इथे काजवाली म्हणतात. वकिलांच्या काळ्या कोटांना काळ्या दोऱ्याने चाळीस वर्षं काजं केलीत. शिंपी मास्तरकडे काजाचं मशीन आहे, पण कोट अजून माझ्याकडेच येतात. आणि तुम्ही मला डोळे विचारता? हिरवं.”

खोटं होतं ते. गेली दोन वर्षं काळ्यात काळं बुडायला लागलं होतं. सुई ओवताना जीव जाई. काजाची चीर ती बोटाने चाचपायची आणि टाका अंदाजाने घालायची. हे तिने कुणालाही सांगितलं नव्हतं. मास्तरला कळलं की कोट त्याच दिवशी मशीनवर जाणार, आणि घरात ती नुसती म्हातारी उरणार. तशा म्हाताऱ्या गल्लीत पुष्कळ होत्या. दिवसभर खाटेवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला ‘जेवलास का’ विचारायच्या. त्यांच्यात बसण्यापेक्षा तिने सुई गिळली असती. पण कोटांचा गठ्ठा सून पोचवून यायची, आणि मास्तर भेटला की म्हणायचा, “काजवाली, हात अजून तोच आहे हो.” मग ती मनाशी म्हणे, डोळे हवेत कशाला, हात आहे ना.

“ते लाल करा, ताई,” सून चुलीपाशीच बसून म्हणाली.

दोघींनी तिच्याकडे पाहिलं.

“माझे डोळे. चाळिशी लागलीय मला. तांदळातला खडा दिसत नाही.”

“कालच्या भातात तर एकही नव्हता,” म्हातारी म्हणाली.

“नशीब होतं, आत्या.”

“वीस वर्षं झाली लग्नाला, आणि आंधळी पदरात पडली हे मला आज कळतंय. तेही परक्या बाईसमोर.” म्हातारीने तोंड फिरवलं. “करा लाल. तिच्या नावाने करा. माझ्या नाही.”

सर्वेवालीने जाताना छापील कागद दिला. सगळे ठिपके हिरवे, मधोमध एक लाल. “हा भिंतीला लावा, आजी. जे लाल असेल ते तुम्हीच हिरवं करायचं.” म्हातारीने तो डब्याखाली घालून ठेवला. गोऱ्या अंगावर फोड आल्यासारखा तो एक ठिपका दिसत होता.

तीन आठवड्यांनी सर्वेवालीच्या संस्थेच्या लोकांनी गल्लीच्या तोंडाशी टेबल टाकून चष्मे वाटले. सून एक घेऊन आली. घरात शिरताना तो नाकावर होता, आणि ती चौकटीला धडकली.

“फुकटचं ते असंच,” म्हातारी म्हणाली. “दोन डोळे होते ते पण घालवून आलीस.”

“सवय व्हायची आहे अजून.”

सवय काही झाली नाही. सून चष्मा काढून म्हातारीच्या सुईदोऱ्याच्या डब्यावर ठेवायची आणि कामाला लागायची. रोज तिथेच. म्हातारी रोज तो उचलून खिडकीत ठेवायची. “जागेवर ठेवायची अक्कल नाही,” म्हणायची. दुसऱ्या दिवशी तो परत डब्यावर.

एका दुपारी म्हातारीची डुलकी लवकर मोडली. सून पाण्याला गेली होती. तिच्या जागी, खिडकीपाशी, एक कोट पसरलेला होता. काल म्हातारीने पुरा करून गठ्ठ्यात बांधलेला कोट. बांधलेला गठ्ठा सुटला कसा? तिने कोट ओढून घेतला. बोटांना काही कळेना. तिने दाराकडे पाहिलं, चष्मा उचलला आणि नाकावर चढवला.

आधी तिला स्वतःची नखं दिसली. मग काजं.

खालची दोन काजं तिची होती. टाके दारू पिऊन घरी निघाल्यासारखे चालले होते; एक चिरीवर, एक भलतीकडे. वरची तीन काजं सरळ होती, टाक्याला टाका लागलेला. आणि त्या सरळ टाक्यांच्या बाहेर, कापडावर, सुईची बारीक भोकं होती. रिकामी. भलतीकडे गेलेली. तिचीच.

कोटाशेजारी उसवलेल्या काळ्या दोऱ्याचा पुंजका पडला होता.

तिने एकेका भोकावरून नख फिरवलं. मास्तर दोन वर्षं कुणाच्या हाताची तारीफ करत होता, हा हिशोब करायला शाळा लागत नव्हती.

सून घागर घेऊन आत आली आणि दारातच थांबली. सासूच्या नाकावर चष्मा, मांडीवर कोट.

“रोज दुपारी करतेस?” म्हातारीने मान वर न करता विचारलं.

“तुम्ही झोपल्यावर.”

“टाका आखूड पडतो तुझा.”

“हो.”

“आणि दोऱ्याला मेण लावत नाहीस. सहा महिन्यांत कोंब फुटतील त्याला. वकील काय म्हणेल?”

“कुणी शिकवलं नाही, आत्या. तुमचं उसवता उसवता शिकले.”

घागर खाली ठेवल्याचा आवाज आला.

“ठेवलीस ना ती? मग ये इथे. चोरासारखं काम करायची रीत नाही या घरात.”

सून समोर येऊन बसली. म्हातारीने आपलं चौथं काज स्वतःच कात्रीच्या टोकाने उसवलं, टाका टाका करून, सावकाश. मग पाचवं. मेणाच्या तुकड्यावरून दोरा दोनदा ओढला, टोक ओठांत ओलं केलं आणि सुई उजेडाकडे धरली. दोरा पहिल्याच खेपेला आरपार गेला.

तिने गाठ मारली आणि ओवलेली सुई सुनेपुढे धरली.