पेटीला लागलेला दमा

डोंबिवलीतल्या शाळेच्या त्या हॉलमध्ये मी गेले ती माझ्या लेकीने, मालूने, ओढत नेलं म्हणून. माझ्या मुलाचा, नाथाचा, अकॉर्डियनचा कार्यक्रम होता. तीन वर्षं मी त्याचं तोंड बघितलं नव्हतं. बापूस मरत असताना जो आला नाही, त्याचं तोंड कशाला बघायचं?

"आये, एकदा ऐक तरी," मालू म्हणाली.

"काय ऐकू? हळदीला वाजवायचा तेव्हा आमचा अख्खा चेंदणी कोळीवाडा नाचायचा. ते सोडून ह्या शिकलेल्या लोकांत घुसला. प्रयोग म्हणे!"

ह्याच पेटीवरून भांडण झालेलं. बापसाला होडीवर माणूस हवा होता, आणि हा पेटी गळ्यात अडकवून निघाला. माझं डोकं सटकलं. म्हटलं, "चाललास ना? आता मी बोलावल्याशिवाय उंबरठा ओलांडू नको." रागात माणूस काय वाट्टेल ते बोलतो. पण नाथा लहानपणापासून शब्द धरून बसणारा. एकदा टेंभी नाक्यावर देवीच्या गर्दीत त्याला म्हटलेलं, "इथून हलू नको." पावसात चिंब भिजला, पण हलला नाही मेला.

पडदा वर गेला. नाथा पार वाळलेला. त्याने पेटीचा भाता उघडला, पण एकाही पट्टीला बोट लावलं नाही. नुसती हवा आत, हवा बाहेर. मागून कुणीतरी हसलं, "सूर घरी विसरले वाटतं!" मीही कपाळावर हात मारला.

मग तीन तोकडे श्वास आले. मग एक लांब, शिट्टी वाजल्यासारखा. मग काहीच नाही. मग पुन्हा तीन.

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. हा त्याच्या बापसाचा दमा, शेवटच्या दुपारचा! त्याआधी त्याला असा दम कधीच लागला नव्हता, आणि उशाशी मी एकटी होते. दोनदा त्याने विचारलं, "नाथा आला?" दोन्ही वेळा मी म्हटलं, "येतोय, येतोय." मग ह्याला हे कुठून ठाऊक?

टाळ्या थांबायच्या आत मी तडक विंगेत शिरले.

"बापसाचा तो दम तू कुठं ऐकलास?"

नाथाने पेटी खाली ठेवली. "मालूचा निरोप मिळालेला. मी आलेलो, आये. दाराबाहेर पायरीवर होतो. तू हंबरडा फोडलास, तेव्हा निघालो. कुणाला बोललो नाही."

"बापूस तुला विचारत होता, ते ऐकलंस?"

"दोन्ही वेळा."

काळीज फाटलं माझं. "अरे, मग आत का नाही आलास, मेल्या?" मी त्याच्या छातीवर बुक्के मारत सुटले. तो जागचा हलला नाही.

"तू 'येतोय' म्हणत होतीस," तो म्हणाला. "मी 'ये' म्हणायची वाट बघत होतो."