निरोपाचा केक

वर्नाच्या फ्रीजरमध्ये अर्धा केक चार महिने पडून होता. खावासा वाटत नव्हता, टाकवतही नव्हता. हल्ली तिला कशाचंच काही वाटत नव्हतं.

पेन्सिल्व्हेनियातल्या एका पडद्यांच्या कारखान्यात तिनं बावीस वर्षं काढली. एका गुरुवारी साहेबांनी बोलावून गोड आवाजात सांगितलं, "तुमची जागा बंद करतोय. पण काढून टाकलं असं दिसण्यापेक्षा तुम्हीच राजीनामा लिहा. कागदावर बरं दिसतं." वर्ना मानी बाई, तिनं लिहून दिला. लगेच रिवाजाप्रमाणे केक आला, टाळ्या झाल्या, फोटोसाठी ती हसलीसुद्धा. पुढे बेकारभत्ता मागितला तर उत्तर आलं : नोकरी स्वतः सोडली, भत्ता मिळणार नाही. सुनावणीतही तेच. आता घर सोडून बहिणीच्या तळघरात राहायला जायचं होतं.

"कोर्टात जा," शेजारची ओडेसा म्हणाली. तीही त्याच कारखान्यातून निवृत्त झालेली.

"जाऊ दे गं. हात कशाला पसरायचे?"

"हात पसरायचे? अगं बये, घर जळालं असतं तर विम्याचे पैसे भीक म्हणून सोडले असतेस? हाही विमाच आहे, तुझ्या कामावर उभा राहिलेला. त्यांची अब्रू झाकायला तू सही केलीस, आणि वर लाजतेस तूच!"

ओडेसाची बडबड थांबावी म्हणून वर्ना कोर्टात गेली.

कंपनीच्या वकिलानं तोच फोटो पुढे केला. "बघा, बाई किती आनंदानं निरोप घेताहेत!"

वर्ना खाली बघत बसली. न्यायाधीशबाईंनी चष्मा लावून फोटो न्याहाळला.

"केकच्या खोक्यावर चिठ्ठी दिसतेय. ऑर्डर मंगळवारची. राजीनामा गुरुवारचा. वकीलसाहेब, बाईंना स्वतःला ठाऊक नसलेला राजीनामा बेकरीला दोन दिवस आधी कसा कळला?"

निकाल वर्नाच्या बाजूनं लागला.

बाहेर पायऱ्यांवर तिला चार महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी वाटलं. राग! खरा, सणसणीत राग!

"मला काढलं, आणि केकही माझ्याच हातानं कापायला लावला गं!" ती ओरडली. ओडेसानं तिचा हात घट्ट धरला.

वाचकहो, हक्काचं मागण्यात लाज कसली? लाज वाटायला हवी ती सही करून घेणाऱ्याला. घरी येताच वर्नानं तो केक कचऱ्यात टाकला. पुढच्या गुरुवारी ती कारखान्याच्या फाटकावर उभी राहिली आणि कामावरून सुटणाऱ्या प्रत्येकीला सांगू लागली, "केक खुशाल खा. सही मात्र करू नकोस."